घसा बसला नव्हता

"घसा बसला का रे? आवाज कामून असा येऊ लागला?" आईनं फोनवर विचारलं तेव्हा मी धर्मशाळेच्या वर, धरमकोटला होतो. साल 2023, जानेवारी. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. शुक्रवारी दुकानात "कितना हुआ?" विचारलं होतं, त्यानंतर थेट सोमवारी आईशीच तोंड उघडलं होतं. पुण्याच्या कंपनीचं टेस्टिंगचं काम, फिरत फिरत करायचं. मीटिंगमध्ये माईक बंद, बाकी सगळं चॅटवर.

नांदेडहून निघालो होतो सचखंड एक्स्प्रेसनं. या गाडीला वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाढतात. माझ्याकडे भांडं नव्हतं, तर समोरच्या आजींनी आपल्या डब्याचं झाकण पुढं केलं. त्यात वरण घेऊन जेवलो आणि अमृतसरपर्यंत त्यांच्याशी बोलत गेलो. पुढच्या दोन महिन्यांत तेवढं कुणाशीच बोललो नाही.

दर चार दिवसांनी नवं हॉस्टेल, नवी माणसं आणि तेच प्रश्न: कुठून आलात, पुढं कुठं? जेवणं चुकू लागली, रात्रीचे दोन वाजू लागले. मित्राचा फोन आला तरी उचलावासा वाटेना. ही खूण मला सगळ्यात धोक्याची वाटते. एकटा पडलेला माणूस माणसं शोधत नाही, टाळू लागतो.

मला हा माझाच दुबळेपणा वाटायचा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एकटेपणाच्या विषयावर वेगळा आयोग नेमल्याचं वाचलं, तेव्हा जरा धीर आला.

असं एकट्यानं काम घेऊन निघणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, एका गावात महिनाभर तरी राहा. खानावळ एकच धरा, वेळही एकच, एक दिवस गेला नाहीत तर मालकानं "कल कहाँ थे?" विचारलं पाहिजे. घरच्या एकाला रोज फोन करा, मेसेज नको, आवाज हवा. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली तर 14416 लावा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. मी लावला तेव्हा आधी काय बोलावं तेच सुचेना. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. "जेवलात का?" एवढंच विचारलं, आणि मला रडू आलं.

मार्चमध्ये पुन्हा निघतोय, त्याच गाडीनं. या खेपेला एकच गाव, दीड महिना. आईनं बॅगेत दोन ताटल्या घातल्यात.