ट्रॅक्टरचे ब्रेक : घरच्या घरी तपासणी व जुळणी

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि कालपर्यंत बांधाच्या आत ताशी चार-पाच कि.मी. वेगाने नांगर ओढणारा ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली, काही वेळा दोन ट्रॉल्या, घेऊन डांबरी रस्त्यावर येतो. त्यापूर्वी चाकातील हवा, इंजिन ऑईल, डिझेल पाहिले जाते. ब्रेक मात्र 'लागतो आहे' एवढ्यावर सोडून दिला जातो. शेतकरी मेळाव्यांत नांगरटीची खोली, अश्वशक्ती, डिझेलचा खर्च यांवर पुष्कळ प्रश्न येतात, ब्रेकवर क्वचितच. वास्तविक रस्त्यावर दगा देणारा ब्रेक बऱ्याचदा शेतातच बिघडलेला असतो.

शेतात ब्रेक असमान का झिजतो?

ट्रॅक्टरला मागील दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. उजवे पेडल उजव्या चाकाला, डावे डाव्या चाकाला. धुऱ्यावर कमी जागेत वळताना आपण आतल्या बाजूचे एकच पेडल दाबतो. साधा पलटी न होणारा नांगर माती उजवीकडे टाकतो. पट्ट्याच्या मध्यापासून नांगरणी सुरू केली तर प्रत्येक वळण उजवीकडे घ्यावे लागते, कडेपासून सुरू केली तर डावीकडे. दरवर्षी एकाच पद्धतीने नांगरणाऱ्याच्या ट्रॅक्टरचा एकच ब्रेक शेकडो वेळा वापरला जातो आणि त्याचे लायनर लवकर झिजते. शिवाय दरवर्षी मध्यापासून नांगरल्याने त्याच जागी वरंबा व कडेला तास राहून शेताची सपाटी बिघडते ती वेगळीच. एक वर्ष मध्यापासून, पुढील वर्षी कडेपासून नांगरणी केल्यास जमीन आणि ब्रेक दोन्ही सारखे राहतात.

शेतात या असमानतेने फारसे बिघडत नाही. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने जोडून एकदम दाबली की एक चाक धरते, दुसरे सुटते. ट्रॅक्टर तिरका होतो, मागून भरलेली ट्रॉली ढकलत राहते आणि तिरक्या झालेल्या ट्रॅक्टरला आडवा करते. सुमारे दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे त्याच्या कित्येक पट वजन असते हे विसरू नये. ताशी ३० कि.मी. वेगाने जाणारा ट्रॅक्टर चालकाचा पाय पेडलवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात ८ मीटर पुढे गेलेला असतो. ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही ताशी १५ कि.मी. वेगाच्या मानाने चौपट असते.

दोष कसा ओळखावा?

मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत ट्रॉली सोडून, पेडल कडीने जोडून, हळू वेगात ब्रेक दाबावा व मातीवर उठलेल्या चाकांच्या खुणा पहाव्यात. दोन्ही खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. ट्रॅक्टर उजवीकडे ओढत असेल तर दोष बहुधा डाव्या ब्रेकमध्ये असतो, कारण ट्रॅक्टर धरणाऱ्या चाकाकडे वळतो. काही चालक अशा वेळी चांगला धरणारा उजवा ब्रेकच ढिला करून ओढ घालवतात. हा उपाय नव्हे. त्याने दोन्ही ब्रेक सारखे होतात खरे, पण सारखेच निकामी.

पेडल खूप खाली जाऊन मग ब्रेक लागत असेल तर पेडलची मोकळी चाल वाढली आहे. पेडल योग्य उंचीवर कडक लागते तरी चाक धरत नाही, असे असल्यास लायनर गुळगुळीत झालेले असते अथवा त्यावर तेल किंवा पाणी गेलेले असते. ओढा ओलांडल्यावर किंवा चिखलणीनंतर कोरड्या पद्धतीचा ब्रेक तात्पुरता सुटतो. थोडे अंतर पेडल हलके दाबून चालवले की तो वाळतो. तेलाचे तसे नाही. चाकाच्या आतील बाजूस, ब्रेकच्या घराखाली हात फिरवून पहावा. गियर ऑईलचा चिकट ओघळ दिसल्यास ऑईल सील गेले आहे असे समजावे. कधी कधी गियर पेटीत खुणेच्या वर तेल भरल्याने किंवा हवेचे छिद्र मातीने बुजल्यानेही सील गळू लागते, म्हणून नवे सील टाकण्यापूर्वी या दोन गोष्टी पहाव्यात.

तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर वरील ओघळाचा प्रश्न येत नाही. पण ब्रेक दाबताना गुरगुर आवाज किंवा थरथर जाणवत असेल तर गियर पेटीत भलतेच तेल भरले आहे का ते पहावे. या ब्रेकना पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल चालते.

घरी करावयाची जुळणी

जोडदांड्याने चालणाऱ्या ब्रेकची जुळणी दोन पाने, जॅक व मोजपट्टी एवढ्यावर होते. ट्रॅक्टर पक्क्या सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, चावी काढून घ्यावी. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हँडब्रेक याच ब्रेकवर काम करतो, तो जुळणीसाठी सोडावाच लागतो. म्हणून आधी पुढील दोन्ही चाकांना व जमिनीवर राहणाऱ्या मागील चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, मगच गियर न्यूट्रल करावा. चाक उचलल्यावर ॲक्सलच्या घराखाली भक्कम घोडा द्यावा. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर विसंबून खाली शिरू नये.

पेडलची कडी काढून प्रत्येक पेडल हाताने दाबावे व अडथळा लागेपर्यंतचे अंतर मोजावे. ही मोकळी चाल किती असावी हे मॉडेलप्रमाणे निराळे असते व पुस्तिकेत मि.मी. मध्ये दिलेले असते. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून आकडा घेऊन मडगार्डच्या आत रंगाने लिहून ठेवावा. दांड्यावरील चेकनट ढिला करून दांडा अर्धा-अर्धा फेरा फिरवावा. दांड्याची लांबी कमी झाली की चाल कमी होते. प्रत्येक वेळी उचललेले चाक हाताने फिरवून पहावे. ते न घासता फिरले पाहिजे. चाल अजिबात ठेवली नाही तर ब्रेक सतत घासून तापतो व लायनर जळते. दोन्ही बाजूंची चाल सारखी झाल्यावर चेकनट आवळावा, पेडलच्या खिळीला ग्रीस द्यावे आणि पेडल परत ओढणारी स्प्रिंग ताणलेली आहे ना ते पहावे.

दांड्याचे आटे संपेपर्यंत आवळूनही चाल कमी होत नसेल तर लायनर संपले. ते दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. तेल प्यालेले लायनर जाळून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. आतले तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

काही ट्रॅक्टरमध्ये ब्रेक दांड्याऐवजी द्रवाच्या दाबावर चालतो. अशा ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा शिरली आहे. पाय ठेवला असता पेडल हळूहळू बुडत असेल तर गळती आहे. टाकीतील पातळी पाहणे एवढेच घरी करावे, आणि पुस्तिकेत लिहिलेलाच द्रव घालावा. भलताच द्रव घातल्यास आतील रबरी वॉशर फुगून निकामी होतात. हवा काढणे, सील बदलणे व ब्रेकचे घर उघडणे ही कामे जाणत्या फिटरकडून करून घ्यावीत. त्यातले शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

ट्रॉली जोडल्यावर

जुळणीनंतर पुन्हा मातीवर खुणा पहाव्यात, मग रिकामी ट्रॉली जोडून एक-दोन कि.मी. फिरवून आणावी. थांबल्यावर दोन्ही ब्रेकच्या घराजवळ हाताची मागील बाजू न टेकवता धरावी. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम लागली तर त्या बाजूची चाल थोडी वाढवावी. रस्त्यावर येण्यापूर्वी पेडल कडीने जोडावीत आणि कडी झिजून आपोआप निसटत असेल तर ती त्याच दिवशी बदलावी. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे चालक भेटतात, त्यांच्या हाती भरलेली ट्रॉली देऊ नये.