आधी पुस्तक की आधी वाचक?

शाळेच्या ग्रंथालयासाठी तुम्ही ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत आज्ञावली लिहायला घेतली आहे, अशी कल्पना करा. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'सी' भाषेला स्मॉलटॉकच्या कल्पनांची जोड देऊन ही भाषा घडविली. तुमच्या आज्ञावलीत दोन क्लास आहेत : पुस्तक आणि वाचक. ('वर्ग' म्हटले तर शाळेतल्या वर्गाशी गल्लत होईल, म्हणून 'क्लास'च म्हणू या.)

प्रत्येक क्लासच्या दोन फायली असतात. 'एच' फाईल म्हणजे क्लासची ओळख. 'एम' फाईलमध्ये त्याचे प्रत्यक्ष काम. आपण कोणाकडे आहोत हे पुस्तकाला ठाऊक हवे, आणि आपल्याकडे काय आहे हे वाचकाला. म्हणून तुम्ही 'पुस्तक.एच'च्या पहिल्या ओळीत 'वाचक.एच' इम्पोर्ट केली आणि 'वाचक.एच'च्या पहिल्या ओळीत 'पुस्तक.एच'. सरळच वाटते, नाही का? पण कंपायलर तक्रार करतो : 'वाचक.एच'मधला 'पुस्तक' हा प्रकार मला अनोळखी आहे!

इम्पोर्टची ओळ तर समोर दिसते आहे. मग चूक कुठे? मी स्वतः अशा वेळी एक अख्खी संध्याकाळ स्पेलिंग तपासण्यात घालवली आहे.

आता कागदावर बोट ठेवून कंपायलरच्या वाटेने चला. तो 'पुस्तक.एम' उघडतो. तेथून 'पुस्तक.एच'मध्ये जातो. पहिलीच ओळ त्याला 'वाचक.एच'कडे पाठवते, आणि तिथली पहिली ओळ पुन्हा 'पुस्तक.एच'कडे. पण इम्पोर्टचा नियम असा, की एका भाषांतरात तीच फाईल दुसऱ्यांदा वाचायची नाही. (हा नियम नसता तर घाण्याच्या बैलासारखे फिरणे आले असते.) 'पुस्तक.एच' उघडून झाली आहे, म्हणून तो ती वगळतो. खरे तर तिची एकच ओळ वाचून झालेली असते! पुढे वाचकाच्या वर्णनात 'पुस्तक' हे नाव येते आणि तो अडतो. 'वाचक.एम'चे भाषांतर करताना हेच उलट घडते, व तक्रार 'पुस्तक.एच'मध्ये दिसते.

उपाय सोपा आहे. वाचकाजवळ पुस्तक नसते, पुस्तकाचा स्मृतीतला पत्ता असतो. ६४-बिट यंत्रावर कोणत्याही वस्तूचा पत्ता ८ बाइटच जागा घेतो. तेव्हा एवढी जागा राखायला 'पुस्तक नावाचा क्लास आहे' इतके कळले तरी पुरे. 'वाचक.एच'मधली इम्पोर्टची ओळ काढा आणि तिच्या जागी '@क्लास पुस्तक;' असे लिहा. (प्रत्यक्षात अर्थात रोमन अक्षरांत.) 'पुस्तक.एच'मध्येही तसेच करा. काढलेल्या ओळी 'एम' फायलींत न्या, कारण पुस्तकाला त्याचे नाव विचारायचे तर त्याची पूर्ण ओळख लागते. 'एम' फाईल कोणी इम्पोर्ट करीत नाही, म्हणून चक्र होत नाही.

मात्र 'संदर्भग्रंथ' हा क्लास 'पुस्तक'पासून निपजवायचा असेल, तर नुसते नाव चालत नाही. पित्याची 'एच' फाईल इम्पोर्ट करावीच लागते.

आणखी एक चक्र उरतेच, आणि त्याबद्दल हा कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही. पुस्तक आणि वाचक यांनी एकमेकांना 'स्ट्राँग' धरून ठेवले, तर बाकी साऱ्यांनी सोडले तरी दोघांची स्मृती मोकळी होत नाही. म्हणून पुस्तकातला वाचक 'वीक' ठेवा.