माजी सैनिक रुग्ण : शासकीय आरोग्य योजना आणि वैद्याचे कर्तव्य

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे माजी सैनिक येत नाही असा आठवडा क्वचितच जातो. सातारा तालुक्यातील एक गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. संधिवेदना, कटिशूल, कर्णनाद, अनिद्रा अशा तक्रारी घेऊन येणारा हा रुग्ण पथ्य शिस्तीने पाळतो. मात्र विचारल्यावाचून फारसे सांगत नाही. म्हणून विचारणे हे आपले काम ठरते.

योजनेचे स्वरूप

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय तिचा लाभ घेऊ शकतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी सैनिकपत्नीही पात्र असते. अंशदान एकदाच भरावयाचे असते. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेले सैनिक, युद्धविधवा व युद्धात अपंगत्व आलेले यांना तेही माफ आहे. प्रथम उपचार योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये होतात व तेथील शिफारशीने रुग्ण लष्करी किंवा संलग्न खासगी रुग्णालयात जातो. आणीबाणीत संलग्न नसलेल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. ही एवढी माहिती घरच्यांना असली तरी मोठा खर्च वाचू शकतो.

निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वैद्यकीय साहाय्याची चौकशी करावी. कृत्रिम पाय घासून व्रण होत असेल, तर केवळ लेपावर समाधान मानू नये. १९४४ पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राकडे जाण्याचा मार्ग रुग्णास दाखवावा.

आमचा एक अनुभव

एका निवृत्त हवालदारांस अम्लपित्तासाठी आम्ही यष्टिमधु चूर्ण ३ ग्रॅम दिवसातून दोनदा दिले. अम्लपित्त शमले; म्हणून तेच दोन महिने चालू राहिले. पुढे पायांत अशक्तपणा, पेटके व वाढलेला रक्तदाब दिसू लागला. पॉलिक्लिनिकमधील रक्ततपासणीत पोटॅशियम कमी आढळले. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी ते कित्येक वर्षे घेत होते. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. ती गोळीही पोटॅशियम घटविते. दोन्ही बाजूंनी एकच हानी झाली. “सरकारी गोळ्यांचे तुम्ही विचारलेच नाही,” एवढेच ते म्हणाले. यष्टिमधु बंद करून योग्य उपचार झाल्यावर ते बरे झाले. पण चूक आमचीच होती.

दशविध परीक्षेत सात्म्य, सत्त्व, व्यायामशक्ती यांचा विचार आपण करतो. हिमप्रदेशातील वास्तव्य, तोफांचा आवाज, पाठीवरचे ओझे, रात्रपाळीचे पहारे हे सारे त्या परीक्षेतच येते. चालू असलेली औषधे मात्र आपण स्वतंत्रपणे विचारून लिहून ठेवली पाहिजेत.

व्यवहारातील नियम

१. पहिल्याच भेटीत पॉलिक्लिनिकच्या सर्व गोळ्या पिशवीसह आणावयास सांगाव्यात व केसपेपरवर नोंदवाव्यात.

२. रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग यांची औषधे आपण होऊन बंद करू नयेत. बदल हवा असल्यास तेथील डॉक्टरांना चिठ्ठी द्यावी.

३. आपण दिलेल्या औषधांची नावे व मात्रा मराठीत किंवा इंग्रजीत स्पष्ट लिहून द्यावीत. ‘वैद्यांचे चूर्ण’ एवढ्यावरून पुढील डॉक्टरास काहीच बोध होत नाही.

४. औषधविक्रेत्यांनी देयकावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक व दिनांक लिहावा. परंतु ‘याचे पैसे योजनेतून परत मिळतील’ असे मोघम आश्वासन देऊ नये. आधी पॉलिक्लिनिकमध्ये विचारावयास सांगावे.

५. निवृत्तिवेतन आहे काय व योजनेचे कार्ड काढले आहे काय, हे दोन प्रश्न सैनिकाच्या पत्नीलाही विचारावेत.

२०२२ साली देशातील ३७ छावणी मंडळांच्या रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे उघडण्याचा निर्णय जाहीर झाला. शासनाने आपल्या शास्त्रावर दाखविलेला तो विश्वास आहे. तो सार्थ ठरविणे आपल्या केसपेपरावरील एका जादा ओळीपासून सुरू होते.