ग्रंथपाल व्हायचंय, पण वर्ग मोबाइलवर?

‘बी.लिब. ऑनलाइन केलं तर चालतं का?’ हा प्रश्न हल्ली मुलांपेक्षा आईवडीलच जास्त विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: सगळं मोबाइलवर मिळत असताना ग्रंथपालाला विचारतो कोण?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. महाविद्यालयं, संशोधन संस्था, मोठी रुग्णालयं, वकिलांच्या कंपन्या यांना पुस्तकांची देवघेव करणारा माणूस कमी लागतो. ई-जर्नल्स आणि डेटाबेस विकत घ्यायचे, ते वापरायला शिकवायचे, प्रबंधातली उचलेगिरी तपासायची, प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवायचे, ही कामं करणारा माणूस जास्त लागतो. अनुदानित महाविद्यालयातल्या पूर्णवेळ ग्रंथपालाला सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाइतकंच म्हणजे 57,700 रुपये सुरुवातीचं मूळ वेतन आहे. त्यासाठी एम.लिब.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट लागते. मात्र कायम भरती रेंगाळते, पदं रिकामी राहतात किंवा कंत्राटावर भरली जातात, हेही ऐकून ठेवा. सार्वजनिक वाचनालयांचं चित्र आणखी अवघड आहे. राज्याच्या 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानावर चालणाऱ्या गावच्या वाचनालयात पगार तुटपुंजा असतो. तेव्हा ‘पक्की सरकारी नोकरी’ म्हणून कुणी हा अभ्यासक्रम विकत असेल, तर तिथून उठून या.

आता पहिला प्रश्न. चालतं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये जाहीर केलेलं आहे. कोणत्याही शाखेची पदवी असली की बी.लिब.ला प्रवेश मिळतो. इग्नूचा अभ्यासक्रम आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करणारी, किंवा लग्नानंतर शिक्षण पुन्हा हाती घेतलेली मुलगी याच वाटेने शिकू शकते. त्यामुळे ‘ऑनलाइन म्हणजे दुय्यम’ हे माझ्या मते जुनं मत झालं. विचारायचं ते एवढंच की शिकवतात कसं.

चांगला शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर काय करतो ते पाहा. तो ‘श्रीमान योगी’चं मुखपृष्ठ टाकतो आणि मतदान लावतो: पुस्तक कुठे ठेवाल, इतिहासात, चरित्रात की कादंबरीत? अर्धी मुलं शिवाजी महाराजांचं नाव बघून 954च्या, म्हणजे इतिहासाच्या घरात धावतात. मग भांडण जुंपतं. कुणीतरी म्हणतं, लेखकाने कादंबरी लिहिली आहे, म्हणजे ड्युईच्या दशांश पद्धतीत 891.463, मराठी कथा-कादंबरी. लगेच दुसरा विचारतो, मग ‘मराठी रियासत’ कुठे? इतिहासात. विषय एकच, पण एक पुस्तक साहित्यात आणि दुसरं इतिहासात का, हे वर्गात तासभर फळ्यावर लिहून जितकं डोक्यात बसत नाही तितकं या वादात बसतं.

दुसऱ्या दिवशी तोच शिक्षक झूमवर पडदा दाखवून कोहा उघडतो. कोहा हे न्यूझीलंडमध्ये 2000च्या सुमारास जन्मलेलं, फुकट मिळणारं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, आज आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत आहे. नोंद करायची आहे ‘विशाखा’ची. 245 या रकान्यात शीर्षक, 100 मध्ये लेखक. पण लेखक कोण लिहायचा, कुसुमाग्रज की शिरवाडकर? आणि ‘नटसम्राट’ला काय लिहायचं? कविता एका नावाने आणि नाटक दुसऱ्या नावाने छापलेलं असेल, तर दोन्ही नावांना एकमेकांशी जोडणारी नोंद हवी, नाहीतर वाचक ‘कुसुमाग्रज’ टाइप करणार आणि ‘नटसम्राट’ त्याला सापडणारच नाही. मुलांच्या हातून अशा नोंदी करवून घ्या, मग परीक्षेतला ‘तालिकीकरण’ हा शब्द आपोआप उलगडतो.

समाजमाध्यमाचा याहून चांगला उपयोग मात्र संदर्भसेवा शिकवायला होतो. रोज सकाळी एखाद्या थोर माणसाच्या नावावर खपवलेलं वाक्य फिरतं. ते वाक्य गटावर टाकून विचारायचं: हे खरंच त्यांनी लिहिलं का? कुठल्या पुस्तकात, कोणत्या आवृत्तीत? मुलं नॅशनल डिजिटल लायब्ररीत शोधतात, छापील पुस्तकाची सूची चाळतात, कुणी जवळच्या ग्रंथालयात जाऊन पान उघडून फोटो टाकतो. बहुतेक वेळा वाक्य सापडतच नाही, आणि ‘सापडत नाही’ हे किती शोधून म्हणायचं, हाही याच धंद्यातला धडा आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच पुस्तकं वापरासाठी आहेत असं सांगतं. यूट्यूबवरच्या ‘नेट क्रॅश कोर्स’मध्ये ती सूत्रं, सालं आणि नावं गाण्यासारखी पाठ करून घेतात. त्याने गुण मिळतील. पण काउंटरवर आजोबा येऊन ‘ते निळ्या कव्हरचं, पानिपतावरचं, गेल्या वर्षी नेलं होतं’ म्हणतात, तेव्हा काय विचारायचं, हे चित्रफितीत येत नाही. म्हणून ऑनलाइन शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी गावातल्या वाचनालयात बसावं. दाखल नोंदवही लिहावी, देवघेव करावी, मुलांच्या विभागाची मांडणी करावी. बरेच ग्रंथपाल आनंदाने होकार देतात, कारण माणसं कमी आहेत.

टेलिग्रामवर पाठ्यपुस्तकांच्या चोरून केलेल्या पीडीएफचे ढीग लागलेले असतात. उद्या ज्याला स्वामित्वहक्क सांभाळायचा आहे, त्याने आपलं शिक्षण अशा ढिगावरून सुरू करू नये. ई-पीजी पाठशाला आणि स्वयम् या व्यासपीठांवर या विषयाचं साहित्य कायदेशीर आणि फुकट आहे.

आईवडिलांनी एक काम आजच करावं. ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा ठरतोय, त्याचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव याच प्रवेशसत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत आहे का, ते संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावं. एजंटाने पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका. यादीत नाव नसेल, तर फी भरू नका.