टॅब म्हणजे आठ स्पेस नव्हेत

चि. मैत्रेयीस,

टॅब काढून स्पेस घालायच्या तर स्ट्रिंगवर एक रिप्लेस चालवलं, टॅबच्या जागी आठ स्पेस टाकल्या की झालं, असं तू लिहितेस. हिशेब सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे. अॅस्कीमधलं ३२ क्रमांकाचं चिन्ह म्हणजे स्पेस. तिला स्वतःची रुंदी आहे. ९ क्रमांकाच्या टॅबला ती नाही. टाइपरायटरवर टॅब दाबला की गाडी ठरवून दिलेल्या थांब्यापर्यंत सरके. किती सरकायचं ते आधी कुठवर टाइप झालं आहे त्यावर ठरे. संगणकातला टॅबही तेच सांगतो : पुढच्या थांब्यावर जा. दर आठ रकान्यांवर थांबा धरून एका ओळीत ‘नग’, टॅब आणि किंमत लिही, दुसरीत ‘कमल’, टॅब आणि किंमत. पहिल्या ओळीत सहा स्पेस हव्यात, दुसरीत पाच. मग दोन्ही किमती एकाखाली एक येतात. दोन्हीकडे आठ-आठ कोंबल्यास एक किंमत दहा रकान्यांनंतर सुरू होते, दुसरी अकरा. म्हणून आतापर्यंतच्या रकान्यांना आठाने भागायचं आणि बाकी आठातून वजा करायची. बाकी शून्य आली तर स्पेस शून्य नव्हे, पूर्ण आठ. नवशिके हमखास इथेच अडखळतात. नवी ओळ आली की मोजणी पुन्हा शून्यापासून. पायथनमधलं एक्स्पांडटॅब्स नेमकं हेच करतं, युनिक्सची एक्स्पांड आज्ञाही.

तू म्हणशील, कोडमध्ये टॅब ओळीच्या सुरुवातीलाच असतात, तिथे रिप्लेसने काय बिघडतं? नुसते टॅबच असतील तर काही नाही, हे मान्य. पण टॅबच्या आधी कुणी दोन स्पेस मारून ठेवल्या असतील तर खरी जागा आठ रकाने असते आणि रिप्लेस ती दहा करतं. डोळ्यांना हा घोळ दिसत नाही; म्हणून तर पायथन ३ टॅब-स्पेसची संदिग्ध सरमिसळ दिसताच टॅबएरर देऊन थांबतो. मात्र एक्स्पांडटॅब्सवरही डोळे झाकून विसंबू नकोस. ते प्रत्येक कोडपॉइंटला एक रकाना धरतं. ‘विद्या’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसते, पण आत व, वेलांटी, द, हलन्त, य आणि काना असे सहा कोडपॉइंट आहेत. त्यामुळे पुढे दोनच स्पेस येतात आणि मराठी यादी वाकडी होते. तिथे पडद्यावरची रुंदी वेगळी मोजावी लागते, आणि तीही फॉन्टवर अवलंबून. खरं तर मराठी तक्ता स्पेसने जुळवण्याचा हट्टच सोडावा.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे : टॅब ठेवला तर ज्याला जेवढं अंतर हवं तेवढं तो आपल्या एडिटरमध्ये ठेवील, मग काढायचा कशाला? गो भाषेचं गोएफएमटी याच बाजूचं, कोड टॅबनेच आत सरकवतं. पायथनची पेप ८ स्पेस सुचवते. ज्या प्रकल्पात काम करशील तिथली रीत पाळ, वाद घालू नकोस. पण मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, आणि टीएसव्ही फाइलीत तर टॅब हीच दोन रकान्यांमधली भिंत. तिथे स्पेस घातल्यास ‘नवी मुंबई’मधली स्पेस कोणती आणि भिंतीची कोणती, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. युनिक्सची अनएक्स्पांड उलट वाटेने जाते खरी, पण मुळात टॅब कुठे होता ते तिलाही ठाऊक नसतं. तेव्हा मूळ स्ट्रिंग तशीच जपून ठेव आणि बदल फक्त छापायच्या प्रतीवर कर. ती रिप्लेसची ओळ आजच काढून टाक, आणि नवी लिहिलीस की बरोबर आठ कोडपॉइंटच्या शब्दावर आधी चालवून पाहा.

तुझा,
काका