घरबांधणीच्या लाकडाची पारख

ठाणे जिल्ह्यात पावसाळा जोराचा असतो व हवा दीर्घकाळ दमट राहते. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या खेड्यांत कौलारू घर बांधताना पाडलेल्या घराचे साग किंवा ऐन पुन्हा उपयोगात आणता येते. परंतु ‘जुना साग’ एवढ्या नावावर विसंबून ते छपरास चढविणे धोक्याचे आहे. मंगलोरी कौले व रिपा यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. म्हणजे ५० चौरस मीटर छपराचा तीन टनांहून अधिक भार कुटुंबाच्या डोक्यावर असतो. म्हणून प्रत्येक नग स्वतंत्रपणे तपासावा.

१. टोके : भिंतीत बसलेल्या टोकांना ओल लागते व वारा मिळत नाही, त्यामुळे लाकूड बहुधा तेथूनच कुजते. टोकांत दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेल्यास लाकूड कुजले किंवा वाळवीने पोखरले आहे असे समजावे. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज पोकळपणा दर्शवितो.

२. गाभा : सागाचा गाभा टिकाऊ असतो. बाहेरील पांढरट भागास मात्र कीड व वाळवी लवकर लागते. असा भाग अधिक असलेला नग घेऊ नये.

३. गाठी व खाचा : तुळईच्या मध्यभागी खालच्या कडेवर ताण सर्वांत अधिक येतो. तेथे मोठी गाठ, भेग किंवा जुन्या सांध्याची खाच असल्यास तो नग तुळईसाठी वापरू नये. लाकडाच्या रेषा लांबीस समांतर असाव्यात.

४. ओल : नव्या लाकडाच्या टोकाचा भाग सोडून आतील लहान तुकडा कापून तोलावा. वजन घटेनासे होईपर्यंत तो मंद आचेवर, जळू न देता, वाळवून पुन्हा तोलावा. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅम झाल्यास ओल २० टक्के होय. याहून अधिक ओल असलेले लाकूड पुढे आकसते व पिळवटते.

५. बसवणी : तुळई आडवी न ठेवता उभ्या कडेवर बसवावी. रुंदी दुप्पट केल्यास तिची ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केल्यास चौपट होते.

ग्रामसेवकांनी ही परीक्षा सुतारासमक्ष, लाकूड जमिनीवर असतानाच शेतकऱ्यांना करून दाखवावी. कौले चढल्यावर आढळलेला दोष दूर करणे कठीण व खर्चाचे असते.