परसबागेसाठी पाण्याची नळी

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने उत्पादक श्रमास शिक्षणाचे माध्यम मानले. त्यामुळे येथे परसबाग ही केवळ हौस न राहता शिक्षणाचा भाग झाली. मात्र वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यात वांगी, भेंडी, पपई जगवावयाची, तर पाणी जपूनच वापरावे लागते. म्हणून साध्या नळीची निवडही विचारपूर्वक केली पाहिजे.

व्यास व लांबी

नळी घेण्यापूर्वी पाण्याचा दाब पाहावा. टाकी नळाच्या तोटीपेक्षा १० मीटर उंच असल्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब मिळतो. घराच्या छपरावरील ३ मीटर उंचीच्या टाकीपासून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दाब चांगला असेल तेथे अर्ध्या इंचाची नळी पुरते. दाब कमी आणि अंतर अधिक असल्यास पाऊण इंचाची घ्यावी. तिचे छिद्र सव्वादोन पट मोठे असते. नळी जितकी लांब, तितका घर्षणाने दाब घटतो. यास्तव तोटीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून त्याहून थोडीच अधिक लांबी घ्यावी.

नळीची पारख

दोन थरांमध्ये दोऱ्याची वीण असलेली नळी दाबाने फुगत नाही आणि तिला सहसा मुरड पडत नाही. दुकानात नळी वाकवून पाहावी. चटकन घडी पडल्यास ती घेऊ नये. पारदर्शक नळीत प्रकाशामुळे शेवाळ धरते. गडद रंगाची नळी बरी. टोकास बंद करता येणारी तोटी बसविल्यास एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाणी सांडत नाही. काम संपताच मूळ नळ बंद करून नळी रिकामी करावी व सावलीत गुंडाळून ठेवावी. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले गरम पाणी रोपांवर सोडू नये. बागेच्या नळीचे पाणी पिऊ नये.

पाण्याचा हिशेब

नळीने १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासात ४५० लिटर पाणी जाते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे हे पाणी आठ माणसांच्या दिवसभराच्या गरजेइतके झाले. शाळेतील मुलांकडून हे मोजमाप करवून घेतल्यास गणिताचा उत्तम पाठ होईल. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. म्हणून आळ्यात मंद धारेने पाणी द्यावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

ग्रामपंचायतीने घ्यावयाची दक्षता

नळीचे टोक हौदात किंवा चिखलात बुडालेले असताना पुरवठा बंद पडल्यास नळवाहिनीतील दाब घटतो आणि घाण पाणी उलट आत ओढले जाऊ शकते. त्यातून कावीळ, विषमज्वर, अतिसार यांसारखे रोग पसरू शकतात. टोक नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे आणि काम संपताच नळी तोटीपासून काढावी. ग्रामसभेत ही गोष्ट प्रत्येक कुटुंबास समजावून सांगितल्यास एका घरची बाग दुसऱ्या घरच्या आजाराचे कारण होणार नाही.